बागेतलं गाजर गवत, तलावातली जलपर्णी: नागपुरात तक्रार कुठे आणि कशी करावी

उद्यानात गाजर गवत माजलंय असा फोन गेला की बहुतेक वेळा पुढचा प्रकार ठरलेला असतो. दोन-चार दिवसांत ग्रास कटर घेऊन एक माणूस येतो, अर्ध्या तासात सगळं घोट्याएवढं कापतो आणि जातो. तक्रार निकाली. तीन आठवड्यांत त्याच बुडख्यांना चार-चार फांद्या फुटतात. आता फुलं येतात ती जमिनीलगत, पुढच्या वेळी कटरचं पातं जिथे पोचत नाही तिथे. बी आधीच धरलेलं असेल तर कटर ते सगळ्या हिरवळीवर उधळून देतो. तक्रार केली नसती तर बरं झालं असतं, अशी गत.

यात कापणाऱ्याला बोल लावण्यात अर्थ नाही. त्याच्यापर्यंत 'झाडी वाढली आहे' एवढंच पोचलं, आणि झाडी वाढली की कटर मारायचा असतो. तक्रारीतच वनस्पती कोणती, नेमकी कुठे, किती जागेत आणि तिचं करायचं काय हे लिहिलेलं असलं तर चित्र बदलतं. त्याआधी एक पायरी आहे आणि नागपुरात तीच सगळ्यात जास्त अडते: ती जागा कोणाच्या ताब्यात आहे?

जागा कोणाची, ते आधी

वस्त्यांमधली बहुतेक उद्यानं महानगरपालिकेच्या उद्यान विभागाकडे आहेत, काही नागपूर सुधार प्रन्यासकडे (नासुप्र). नासुप्रच्या ले-आउटमधली काही उद्यानं पुढे मनपाकडे गेली, त्यामुळे फाटकावरच्या जुन्या पाटीवर विसंबू नका. सोपा उपाय म्हणजे सकाळी सात-आठच्या सुमाराला तिथल्या माळ्याला किंवा चौकीदाराला विचारा, 'दादा, तुमची हजेरी कुठे लागते?' कंत्राटदाराचा माणूस असला तरी कंत्राट कोणत्या कार्यालयाचं आहे ते त्याला ठाऊक असतं.

मोठ्या जागांचं गणित वेगळं आहे. महाराजबाग कृषी महाविद्यालयाकडे, म्हणजे अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाच्या अखत्यारीत आहे. मनपाच्या अॅपवर महाराजबागेची तक्रार टाकली तर ती 'आमच्या कक्षेत नाही' म्हणून बंद होईल. सेमिनरी हिल्सवरचं जपानी गार्डन आणि बालोद्यान, तसंच अंबाझरीचं जैवविविधता उद्यान वन विभागाकडे आहे. गोरेवाड्याचं जंगल आणि प्राणिसंग्रहालय वन विकास महामंडळाकडे. वन विभागासाठी 1926 ही 'हॅलो फॉरेस्ट' हेल्पलाइन आहे. ती आगीसारख्या तातडीच्या कामाला चांगली. तणाच्या तक्रारीसाठी उपवनसंरक्षकांच्या नावाने लेखी अर्जच टिकतो.

तलावांचा गुंता याहून मोठा. पाणी एका खात्याचं, बांध दुसऱ्याचा आणि काठावरची बाग तिसऱ्याची असं होऊ शकतं. म्हणून तलावाच्या तक्रारीत 'पाण्यात', 'बांधावर', 'काठाच्या बागेत' यांपैकी काय ते स्पष्ट लिहा आणि शंका असेल तर एकाच अर्जाच्या प्रती दोन्ही कार्यालयांना द्या. प्रत दिल्याचा उल्लेख अर्जाच्या तळाशी असला की फाइल इकडून तिकडे टोलवणं थोडं कठीण जातं.

मनपाची दहा झोन आहेत: लक्ष्मीनगर, धरमपेठ, हनुमाननगर, धंतोली, नेहरूनगर, गांधीबाग, सतरंजीपुरा, लकडगंज, आशीनगर आणि मंगळवारी. तुमच्या घराचं झोन आणि उद्यानाचं झोन एकच असेल असं नाही; रस्ता ओलांडला की झोन बदलतं. अर्ज उद्यान अधीक्षकांच्या नावाने करा आणि प्रत त्या झोनच्या सहायक आयुक्तांना द्या.

बागेला लागून रिकामा प्लॉट असेल तर तोही याच फेरीत पाहून घ्या. बागेतलं गाजर गवत दरवर्षी परत येतं त्याचं कारण पुष्कळदा कुंपणापलीकडे असतं. खासगी प्लॉटची तक्रार उद्यान विभागाकडे चालत नाही, ती झोन कार्यालयाकडे वेगळ्या अर्जाने द्यावी लागते.

नीट ओळखा, नाहीतर भलतंच उपटलं जाईल

गाजर गवताला काँग्रेस गवतही म्हणतात. पुण्यात 1950 च्या दशकाच्या मध्याला त्याची नोंद झाली आणि तिथून ते देशभर गेलं. कोवळं रोप जमिनीला चिकटून पसरतं, पानं गाजराच्या पाल्यासारखी चिरलेली. मग मधून ताठ खोड निघतं. खोडावर उभ्या खाचा आणि बारीक लव असते. फुलं पांढरी, साबुदाण्याएवढी. नीट पाहिलं तर प्रत्येकाला पाच कोपरे दिसतात. ही पाच कोपऱ्यांची खूण लक्षात ठेवा. दवणा, शेवंती आणि कॉसमॉसची कोवळी रोपं लांबून अशीच दिसतात, आणि माळ्याने हौसेने लावलेला वाफा तुमच्या तक्रारीमुळे उपटला गेला तर पुढच्या वेळी तो तुमच्याशी बोलणार नाही.

त्याच्या शेजारी उभा असलेला तरोटा मात्र वाचवा. पावसाळ्यात विदर्भातल्या घराघरांत ज्याची भाजी होते तोच. पानं गोलसर, जोडीजोडीने येणारी, फूल पिवळं, शेंग लांब आणि बारीक. तरोटा दाट उगवला की गाजर गवताला उजेड आणि जागा कमी पडते. तणशास्त्रज्ञ गाजर गवताच्या जागी तरोटा पेरायला सांगतात ते याच कारणाने. दोन्ही एकत्र दिसले तर अर्जात एक ओळ टाका: 'तरोटा काढू नये.'

आणखी एक शेजारी शोधा. गाजर गवताची पानं चाळणीसारखी झाली असतील तर उलटवून पाहा. मळकट पांढऱ्या पंखांवर तपकिरी नागमोडी रेघा असलेला, तांदळाच्या दाण्याएवढा भुंगेरा दिसेल. हा मेक्सिकन भुंगेरा याच कामासाठी 1980 च्या दशकात भारतात आणला गेला आणि जबलपूरचं तण संशोधन संचालनालय आजही त्याचा प्रसार करतं. पावसाळ्यात तो जोरात असतो, थंडीत जमिनीत दडून बसतो. तो असेल तिथे औषध फवारणं म्हणजे फुकट राबणाऱ्या मजुराला मारणं. भुंगेरे दिसल्याची नोंद फोटोसह अर्जात द्या.

जलपर्णी ओळखणं सोपं वाटतं आणि तिथेच चूक होते. तिच्या पानाचा देठ फुग्यासारखा फुगलेला, आतून स्पंजासारखा असतो. फूल जांभळं आणि वरच्या पाकळीवर मोराच्या पिसासारखा पिवळा ठिपका. पण फुगलेला देठ शिंगाड्यालाही असतो! विदर्भात तलावात शिंगाडा लावून त्यावर पोट भरणारी कुटुंबं आहेत. शिंगाड्याची पानं चौकटच्या पत्त्यासारखी, कडा दातेरी, आणि ती पाण्यावर सपाट चक्राकार पसरतात. जलपर्णीची पानं गोल, चकचकीत आणि पाण्याच्या वर उभी असतात. फोटो लांबून काढला तर दोन्ही म्हणजे नुसता हिरवा थर. त्यामुळे एक तरी फोटो असा हवा की पानाची कड आणि देठ दोन्ही दिसतील. नावाचाही घोळ आहे: जलकुंभी हा शब्द काही जण जलपर्णीसाठी वापरतात आणि काही जण पाण्यावर कोबीसारख्या तरंगणाऱ्या, मखमली पानांच्या वेगळ्याच वनस्पतीसाठी. दोन्ही परक्याच, पण अर्जात 'जलपर्णी, जांभळ्या फुलाची' असं लिहिलं की वाद राहत नाही.

बेशरम हे नाव ज्याने ठेवलं त्याला दाद द्यावी. कापून टाकलेली काडी चिखलात पडली की तिथेच मूळ धरते. फिकट गुलाबी-जांभळं कर्ण्यासारखं फूल, पोकळ खोड, तोडलं की दुधासारखा चीक. तलावाचा काठ आणि नाल्याची कड ही तिची जागा. शेळीसुद्धा शक्यतो तोंड लावत नाही, कारण ती विषारी आहे.

घाणेरी, म्हणजे रायमुनिया, सगळ्यांच्या ओळखीची: चौकोनी काटेरी खोड, खरखरीत पान, चुरगळलं की उग्र वास, एकाच गुच्छात दोन-तीन रंग. 'पण तिच्यावर फुलपाखरं येतात' हा आक्षेप हमखास येतो आणि तो खोटाही नाही. टेकडीवरची सलग घाणेरी आणि बागेतलं छाटून ठेवलेलं एखादं झुडूप यांत फरक करा. फळं पाखरं खातात आणि बी पसरवतात, त्यामुळे ते एक झुडूपही निरुपद्रवी नसतं. पण तक्रारीचा जोर सलग पट्ट्यावर ठेवा.

बाभळीत गल्लत करू नका. देशी बाभळीचं फूल पिवळं गोल गोंड्यासारखं आणि शेंग माळेतल्या मण्यांसारखी, प्रत्येक बीजवळ आवळलेली. वेडी किंवा विलायती बाभळीचं फूल लांबट, तुऱ्यासारखं, आणि शेंग गवती पिवळ्या रंगाची. सुबाभळीला काटे नसतात. पांढरे गोल गोंडे आणि चपट्या तपकिरी शेंगांचे झुबके वर्षभर लटकलेले दिसतात.

टेकड्यांवरच्या पायवाटांच्या कडेला रानतुळस पाहा. माणसाच्या छातीपर्यंत वाढते, खोड चौकोनी, फूल निळसर जांभळं, वास तुळशीपेक्षा कितीतरी उग्र. हिवाळ्यात वाळून काड्या उभ्या राहतात आणि उन्हाळ्यात आगीला आयतं सरपण होतं. तिचं बी भिजलं की सब्जासारखं बुळबुळीत होऊन बुटाला चिकटतं. पाहणी करून निघताना बुटाचे तळवे आणि मोजे तिथेच झाडा, नाहीतर एका बागेतलं तण दुसऱ्या बागेत नेणारे तुम्हीच.

शेवटी एक अवघड जागेचं दुखणं. वेडेलिया नावाचा पिवळ्या फुलांचा पसरणारा वेल आणि आईस्क्रीम वेल या दोन्ही मुद्दाम लावल्या जातात. वाफ्याच्या आत असतील तर तो लागवडीचा प्रश्न आहे. कुंपणाबाहेर, नाल्यात किंवा ओढ्याकाठी सुटल्या असतील तर मात्र तक्रारीचा विषय.

मोबाइल, दहाचं नाणं आणि चार मीटर दोरी

फोटो पाच हवेत. पहिला लांबून, ज्यात बाक, दिव्याचा खांब, कारंजं असं काहीतरी न हलणारं दिसेल. दुसरा पूर्ण रोपाचा. तिसरा पानाचा, वरून आणि खालून. चौथा खोडाचा. पाचवा फुलाचा किंवा शेंगेचा, शेजारी दहा रुपयांचं नाणं ठेवून; नाण्याचा व्यास 27 मिलिमीटर असतो, त्यामुळे पाहणाऱ्याला आकार लगेच कळतो. गाजर गवताजवळ पूर्ण बाह्यांचा शर्ट घाला आणि नाकावर रुमाल बांधा. त्याच्या परागांनी दमा चाळवतो आणि स्पर्शाने कातडीवर पुरळ येतं. एकदा हा त्रास सुरू झालेल्या माणसाला तो पुढे थोड्या संपर्कानेही होतो.

कॅमेऱ्याचं लोकेशन सुरू ठेवा. नंतर फोटो व्हॉट्सअॅपवर साधा फोटो म्हणून पाठवला तर त्यातली जागेची माहिती निघून जाते. तो डॉक्युमेंट म्हणून पाठवा. शिवाय नकाशातून अक्षांश-रेखांश हाताने उतरवून घ्या. नागपूरचा आकडा 21.1 च्या आसपास आणि 79.0 किंवा 79.1 च्या आसपास सुरू होतो. आधी 79 आणि मग 21 आलं तर आकडे उलटे झालेत. दशांशानंतर पाच अंक ठेवा. पाच अंकांत साधारण एका मीटरपर्यंतची जागा कळते, तीन अंकांत शंभर मीटर इकडे-तिकडे होतात, आणि तेवढ्यात बाग संपून रस्ता सुरू झालेला असतो. दाट झाडाखाली मोबाइलची जागा दहा-पंधरा मीटर चुकते, म्हणून 'पूर्वेकडच्या फाटकातून आत आल्यावर डाव्या हाताची तिसरी बाकडी, तिच्या मागे' अशी साधी खूणही लिहाच.

आता 'किती'. 'खूप' हा शब्द अर्जात निरुपयोगी आहे. आपलं एक पाऊल किती लांब पडतं ते घरी एकदा मोजून ठेवा. समजा ते 0.7 मीटर आहे आणि पट्टा 30 पावलं लांब, 8 पावलं रुंद आहे. म्हणजे 21 गुणिले 5.6, साधारण 118 चौरस मीटर. मग नायलॉनच्या दोरीचा चार मीटर घेराचा फास करा, चारही कोपऱ्यांना काड्या लावून ताणला की एक मीटर बाजूचा चौकोन होतो. तो पट्ट्यात पाच ठिकाणी टाका आणि आतली रोपं मोजा. दाट जागा निवडून टाकायचा मोह होतो. त्यापेक्षा पट्ट्यातून सरळ चालत जा आणि दर सहा पावलांना टाका. 14, 3, 22, 9 आणि 12 अशी मोजणी आली तर सरासरी 12, आणि एकूण रोपं चौदाशेच्या घरात. हा आकडा वाचून उद्यान निरीक्षकाला किती मजूर लागतील याचा अंदाज बांधता येतो. जलपर्णी किंवा घाणेरीसारख्या सलग पसरणाऱ्या वनस्पतीत रोपं मोजत बसू नका. किती टक्के जागा झाकली आहे ते लिहा.

ओळखीची खात्री नसेल तर आयनॅचरलिस्ट या जीवजाती ओळखण्याच्या अॅपवर हेच फोटो टाका. अॅपने स्वतः सुचवलेल्या नावावर थांबू नका. तुम्ही धरून निदान दोन माणसांनी तेच नाव दिलं आणि दोन-तृतीयांशांहून जास्त मतं जुळली की नोंद पक्की धरली जाते. त्या नोंदीची लिंक अर्जाला जोडता येते. वाफ्यात मुद्दाम लावलेली वनस्पती असेल तर 'लागवड केलेली' ही खूण करायला विसरू नका. पूर्वी कधी न पाहिलेलं काही झपाट्याने पसरताना दिसलं तर अमरावती रोडवर नागपूर विद्यापीठाचा वनस्पतिशास्त्र विभाग आहे. फुलासकट वीतभर फांदी वर्तमानपत्राच्या घडीत दाबून, तारीख आणि जागा लिहून न्यावी. वन विभागाच्या जागेतून मात्र परवानगीशिवाय काडीही आणू नका. गोरेवाड्यात आणि अंबाझरीच्या जंगलपट्ट्यात पायवाट सोडून आत शिरू नका. गोरेवाड्यात बिबटे आहेत आणि पावसाळ्यात गवतात साप असतातच.

वेळ चुकली की सगळं चुकलं

नागपुरात मृग-आर्द्राच्या पावसावर गाजर गवत उगवतं आणि साधारण महिनाभरात फुलायला लागतं. उपटायची खरी वेळ जुलैचे पहिले तीन आठवडे: जमीन ओली, मूळ सहज सुटतं, फूल आलेलं नसतं. सरकारी कार्यालयाला हलायला पंधरा दिवस धरा. म्हणजे अर्ज जूनच्या अखेरीस आवकला पडायला हवा. ऑगस्टमध्ये गाजर गवत जागृती सप्ताह असतो, त्या वेळी फोटो काढणारे बरेच असतात, पण नागपुरात तोवर निम्मं बी जमिनीवर पडलेलं असतं. एक मोठं रोप हजारोंनी बी टाकतं. स्प्रिंकलर चालू असलेल्या बागांत मात्र हे वेळापत्रक लागू नाही. तिथे ते बारा महिने उगवतं, त्यामुळे तिथली फेरी दर महिन्याला हवी.

जलपर्णीसाठी उन्हाळा चांगला. मार्च ते मे पाणी उतरलेलं असतं आणि काठाकडून यंत्र किंवा माणसं आत जाऊ शकतात. अनुकूल पाण्यात ती पंधरवड्यात दुप्पट होते. एप्रिलमध्ये एक कोपरा व्यापणारी जलपर्णी जूनपर्यंत कुठवर जाईल याचा हिशोब अर्जातच मांडून दाखवा. अंबाझरीसारख्या तलावाच्या सांडव्याजवळ ती साचली असेल तर पावसाळ्याच्या आधीच कळवा, कारण तलाव भरून वाहायला लागला की ती थेट नाग नदीत उतरते. आणि तलावात सांडपाणी कुठून येतंय तेही फोटोसह लिहा. जलपर्णी सांडपाण्यावर पोसते. नाळ तोडली नाही तर दरवर्षी नवी निविदा निघत राहील, तलाव काही मोकळा होणार नाही.

घाणेरी थंडीत काढवा. उन्हाळ्यात तिच्यात बुलबुलासारख्या पाखरांची घरटी असतात, आणि पावसाळ्यात काढलेली फांदी ओल्या जमिनीवर पुन्हा फुटते.

काय करावं तेही लिहून द्या

हे तुमचं काम नाही असं कोणी म्हणेल. पण अर्जात कृती लिहिलेली नसली की कटर ठरलेला.

गाजर गवतासाठी लिहा: हाताने मुळासकट उपटावं, मजुरांना हातमोजे आणि मास्क द्यावेत, फूल आलेलं असेल तर आधी शेंडे पिशवीत कापून घ्यावेत आणि मग रोप उपटावं. फूल नसलेली रोपं खतखड्ड्यात चालतात. फुलाची रोपं तिथे टाकली की पुढच्या वर्षी वाफ्यावाफ्यांत खताबरोबर गाजर गवत पोचतं. ती गोणीत बांधून बाहेर न्यावी. बागेत ढीग पेटवून देण्याची सवय सर्रास आहे, पण कचरा उघड्यावर जाळण्यावर राष्ट्रीय हरित लवादाने 2016 मध्येच बंदी घालून दंड ठरवून दिला आहे. मिठाचं पाणी फवारायचा सल्ला मोबाइलवर फिरत असतो. पंधरा-वीस टक्के मिठाच्या पाण्याने रोप मरतं हे खरं, पण बागेच्या मातीत ते मीठ राहतं आणि तिथे मग हिरवळही धरत नाही. रेल्वे रुळाच्या कडेला ठीक, वाफ्यात अजिबात नको. तणनाशकाचं म्हणाल तर केंद्र सरकारने 2022 मध्ये ग्लायफोसेटचा वापर कीड नियंत्रण चालकांपुरता मर्यादित करणारी अधिसूचना काढली. मुलं खेळतात त्या जागी आणि तलावाकाठी फवारणी मागूच नका.

घाणेरी वरून छाटली तर दुप्पट फुटते. तिचं मुख्य मूळ जमिनीखाली चार-पाच सेंटिमीटरवर कुदळीने तोडायचं आणि झुडूप उलटं करून ठेवायचं, म्हणजे मुळाला माती मिळत नाही. मोकळ्या झालेल्या जागेत लगेच गवत किंवा स्थानिक झुडपं लावावीत, अशी मागणीही त्याच अर्जात करा. नागडी जमीन फार दिवस तशी राहत नाही, आणि गाजर गवत तयारीत बसलेलं असतं.

जलपर्णी आणि बेशरम दोन्हींत एकच चूक वारंवार होते: काढलेला माल काठावरच ढीग करून सोडतात. पहिल्या जोराच्या पावसात जलपर्णी परत पाण्यात, आणि बेशरमीच्या काड्या ढिगाखालीच रुजलेल्या. 'काढलेला माल त्याच दिवशी तलावाच्या पाणलोटाबाहेर हलवावा' हे वाक्य शब्दशः टाका.

सुबाभूळ आणि विलायती बाभूळ परकी असली तरी कायद्याच्या दृष्टीने झाडं आहेत. शहरात झाडांच्या तोडीला 1975 च्या कायद्यानुसार वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते. म्हणून अर्जात 'तोडावी' असं लिहिण्याऐवजी 'हाताने उपटण्याजोगी रोपं काढावीत आणि मोठ्या झाडांबाबत वृक्ष प्राधिकरणापुढे प्रस्ताव ठेवावा' असं लिहा. स्वतः कुऱ्हाड उचलली तर गुन्हा तुमच्यावर.

अर्ज असा

'प्रति, मा. उद्यान अधीक्षक, महानगरपालिका, नागपूर. विषय: (उद्यानाचे नाव, झोन) येथील गाजर गवत फुलोऱ्यापूर्वी मुळासकट काढण्याबाबत. महोदय, वरील उद्यानात पूर्वेकडील फाटकापासून डावीकडे, तिसऱ्या बाकामागे (अक्षांश, रेखांश) सुमारे 118 चौ. मी. क्षेत्रात गाजर गवताची अंदाजे 1,400 रोपे आहेत. पाहणीचा दिनांक: ____. रोपे अद्याप फुललेली नाहीत. ग्रास कटरने कापल्यास ती पुन्हा फुटतात, त्यामुळे ____ तारखेपूर्वी हाताने मुळासकट उपटून घ्यावीत. लगतचा तरोटा काढू नये. काम झाल्यावर दिनांकासह लेखी कळवावे. सोबत: फोटो 5, नकाशा 1. प्रत: सहायक आयुक्त, ____ झोन.'

एवढंच. पर्यावरणाच्या महत्त्वावर परिच्छेद लिहू नका. वाचणाऱ्याला जागा आणि तारीख हवी असते. एका अर्जात एकच उद्यान. पाच उद्यानांचा एकत्र अर्ज पाच निरीक्षकांकडे फिरतो आणि कोणाच्याच टेबलावर थांबत नाही.

अॅपवर तक्रार नोंदवली तरी कागदी अर्ज आवक शाखेत द्या आणि आपल्या प्रतीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका. पंधरा दिवसांनी त्याच जागी उभं राहून पहिल्या फोटोसारखाच फोटो काढा: तोच बाक, तोच खांब चौकटीत. काम झालं असेल तर तसं लिहून कळवा, माळ्याच्या नावाचा चांगला उल्लेखही करा. अर्धवट झालं असेल तर आवक क्रमांक टाकून स्मरणपत्र द्या.

त्यावरही हालचाल नसेल तर माहितीचा अधिकार. जोडपत्र 'अ' मधला अर्ज, दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, विषय एकच आणि मजकूर दीडशे शब्दांच्या आत. महाराष्ट्राच्या नियमात ही मर्यादा आहे. 'कारवाई का केली नाही?' असा प्रश्न विचारला तर 'का' या प्रश्नाला उत्तर देणं बंधनकारक नाही असं उत्तर येतं. कागद मागा: अमुक आवक क्रमांकाच्या अर्जावरील टिपणी, त्या उद्यानाच्या देखभाल कंत्राटातल्या तण काढण्याच्या अटीची प्रत, आणि गेल्या तीन महिन्यांच्या कामाच्या नोंदी. कंत्राटात 'गवत कापणे' एवढंच लिहिलेलं सापडलं, तर दरवर्षी कटर का येतो ते तिथेच कळतं, आणि पुढचा अर्ज निविदेत 'मुळासकट तण उपटणे' ही बाब घालण्यासाठी करता येतो. उत्तरासाठी 30 दिवस असतात. न आल्यास किंवा अपुरं आल्यास पुढच्या 30 दिवसांत पहिलं अपील, त्याला वीस रुपयांचा स्टॅम्प.

महाराष्ट्र राज्य जैवविविधता मंडळाचं मुख्यालय नागपुरातच आहे, त्यामुळे थेट तिथेच जावंसं वाटतं. मंडळ मजूर पाठवत नाही. शहरासाठी नवीन वाटणारी वनस्पती सापडली, किंवा एकच वनस्पती चार-पाच उद्यानांत एकाच हंगामात दिसली, तर मात्र त्या नोंदींची प्रत मंडळाला आणि मनपाच्या जैवविविधता व्यवस्थापन समितीला द्या, कारण लोक जैवविविधता नोंदवही, म्हणजे परिसरातल्या जीवजातींची अधिकृत नोंद, त्या समितीकडे असते. तोपर्यंत आपली एक वही ठेवा: तारीख, उद्यान, वनस्पती, चौरस मीटर, आवक क्रमांक. पुढच्या जूनमध्ये पहिली फेरी कुठून सुरू करायची ते या वहीतून कळतं.